मनगट जिथे थांबते

खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फचे मैदान उभारले, तेव्हा हा खेळ आपल्यासाठी नाही असेच व्यापारी पेठेतील बहुतेकांना वाटले होते. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे फाटक त्यांनी रस्त्यावरून जाता-येता पाहिलेले असे, इतकाच परिचय. आता दुकानाच्या किल्ल्या मुलांच्या हाती सोपवून मोकळे झालेले काही ज्येष्ठ पहाटे काठ्यांची पिशवी गाडीत टाकून निघतात. आधी मस्जिद बंदरला आणि मग वाशीच्या मसाला बाजारात उभे आयुष्य काढलेले एक गृहस्थ त्यांपैकीच. हा खेळ त्यांना एका मोडलेल्या मनगटामुळे भेटला.

जिन्यावरून पाय घसरला, डावा तळहात जमिनीवर टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हाड जुळले, पण किंचित मागे कलून. त्यामुळे हात पाठीच्या बाजूस पूर्वीसारखा वळे. तळहाताच्या बाजूस मात्र थोडा वळला की अडे. डॉक्टरांनी हात चालता ठेवण्यास सांगितले, आणि मुलाच्या मित्राने गोल्फ सुचविला.

सराव मैदानावर पहिल्या महिन्यातच एक गोष्ट ठरून गेली. चेंडू कसाही मारला तरी उजवीकडे जाई. कधी सरळ निघून वाटेत वळे, कधी निघतानाच वाट सोडे. प्रशिक्षकाने दोष अचूक दाखविला. काठी खांद्यावर नेऊन क्षणभर थांबते त्या जागी, म्हणजे बॅकस्विंगच्या शिखरावर, त्यांचे डावे मनगट पाठीकडे मुडपत होते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे हे डावे मनगट म्हणजे काठीच्या तोंडाची बिजागरी होय. शिखरावर ते तीन प्रकारे राहू शकते. हाताची पाठ आणि कोपरापुढचा भाग एका रेषेत असतील तर मनगट सपाट. हाताच्या पाठीवर सुरकुत्या पडून खळगा झाला तर ते मागे मुडपलेले. आणि सांध्याचा उंचवटा बाहेर येऊन तळहात आत वळला तर पुढे झुकलेले. मनगट मागे मुडपले की काठीचे तोंड उघडते आणि तिचे टोक जमिनीकडे लोंबते. ते पुढे झुकले की तोंड आकाशाकडे पाहू लागते. अंगठ्याच्या बाजूने मनगट वर उचलणे ही निराळी हालचाल. हातोडी उचलताना आपण तीच करतो, आणि ती तर हवीच. नवशिके या दोहोंची गल्लत करतात.

एवढ्याशा मुडपण्याने काय बिघडते, असे वाटेल. हिशेब साधा आहे. चेंडू दोनशे मीटर जाणार असेल आणि त्याची दिशा एका अंशाने चुकली, तर तो जवळजवळ साडेतीन मीटर बाजूला पडतो. शिखरावरून काठी चेंडूपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे चौथा भाग लागतो. तेवढ्या अवधीत चूक ओळखून ती दुरुस्त करणे माणसाच्या मेंदूला जमत नाही. जे काही ठरायचे ते बहुतांशी वरच ठरलेले असते, आणि नेमके त्याच क्षणी खेळाडूची नजर चेंडूवर असल्याने त्याला आपले मनगट दिसत नाही. हाताला जे जाणवते त्यावरच भिस्त. ही जाणीव मोठी फसवी. "माझे मनगट अगदी सपाट होते," असे हे गृहस्थ शपथेवर सांगत. मुलाने मोबाइलवर टिपलेले चित्र निराळेच सांगे. घड्याळाच्या पट्ट्याखाली लाकडी फूटपट्टी सरकवून त्यांनी खात्री करून घेतली. मनगट मुडपताच पट्टी हाताच्या पाठीत रुतली. चाळीस वर्षे तराजू धरलेल्या माणसाला आपल्याच हाताचे वजनमाप चुकावे, याचे त्यांना वाईट वाटले.

प्रशिक्षकाचा आग्रह सपाट मनगटाचा होता. तीन आठवडे बळेच सपाट केल्यावर जुन्या दुखापतीची कळ परत आली. मुलगा म्हणाला, "पप्पा, बास झालं आता. चालायला जात जा." घरात दोन दिवस या विषयावर कोणी बोलले नाही.

या ठिकाणी बेन होगनची आठवण काढणे भाग आहे. या अमेरिकन खेळाडूला तरुणपणी अगदी उलट व्याधी होती. त्याचा चेंडू एकदम डावीकडे वळे आणि त्यापायी उमेदीची वर्षे वाया गेली. १९५५ साली 'लाइफ' साप्ताहिकात त्याने आपले गुपित प्रसिद्ध केले. पकड थोडी डावीकडे फिरवून तो शिखरावर डावे मनगट मुद्दाम मागे मुडपत असे, त्यामुळे चेंडू डावीकडे पळणे थांबले. सामान्य खेळाडूला याने नुकसानच होईल, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. म्हणजे वाशीच्या गृहस्थांचा जो दोष, तेच होगनचे औषध. याउलट डस्टिन जॉन्सनचे मनगट शिखरावर इतके पुढे झुकते की पाहणाऱ्याला ते मोडल्यासारखे वाटावे; त्याने २०१६ची यूएस ओपन आणि २०२०ची मास्टर्स स्पर्धा जिंकली. जॉन राम जन्मतः वाकड्या पायाचा. उजव्या घोट्याला हालचाल कमी, म्हणून त्याने काठी आखूड मागे नेण्याची सवय लावून घेतली. त्याचेही मनगट झुकलेले. तिघांच्या पकडी आणि शरीरे वेगळी, म्हणून मनगटेही वेगळी. सपाट मनगट ही बहुतेकांची सोय आहे, सक्ती नाही.

मार्ग सुचविला तो एका कॅडीने. "शेठ, मनगट राहू द्या तसंच. हात फिरवून धरा." डावा हात मुठीवर उजवीकडे फिरवून धरला, तेव्हा मान खाली घालून पाहताना बोटांच्या तीन पेरांचे उंचवटे दिसू लागले; आधी जेमतेम दोन दिसत. अशा पकडीत मनगट मागे मुडपले तरी काठीचे तोंड उघडत नाही, ते जवळजवळ सरळ राहते. जाणीवही नवी शिकावी लागली. उजवा तळहात पंगतीत ताट पेलल्यासारखा, आणि काठीचा भार डाव्या अंगठ्यावर अलगद टेकलेला. अंगठ्यावर भार जाणवला नाही तर काठी खाली आणायची नाही, असा त्यांनी नेम केला.

पहिले पंधरा दिवस चेंडू डावीकडे गेले. मग पकड एका पेराने मागे आणली.

परवा खारघरला मुलगाही बरोबर होता. त्याने मोबाइल काढला, तेव्हा वडिलांनी तो खिशात ठेवायला सांगितले. काठी वर गेली, क्षणभर थांबली, खाली आली. चेंडू फार लांब गेला नाही. शंभर-सव्वाशे मीटरवर हिरवळीच्या मधोमध पडला. मुलाने विचारले, "मनगट दुखलं का?" ते काठी पुसत म्हणाले, "नाही. आता तू मार बघू."