आडव्या बाटलीनंतरचा तिसरा दिवस

एप्रिल 2021. टाळेबंदीत दारूची दुकाने बंद. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, वणीत, सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. तेव्हा ‘काय ही चटक!’ म्हणत आपण पान उलटले. दुकान बंद होताच माणूस हात धुवायचे औषध घशाखाली उतरवतो, याला चटक म्हणत नाहीत. तो आजार असतो.

इथेनॉल हे एकच रसायन किती दारांनी घरात येते पाहा. सॅनिटायझरात तेच, पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत तेच, देशीच्या क्वार्टरमध्येही तेच. पोफळीच्या वसंत कारखान्याला ऊस घालणाऱ्या उमरखेड तालुक्याला इथेनॉल ज्यापासून बनते त्या मळीचे मोल सांगायला नको. इंधन म्हणून इथेनॉल जरूर बनावे. आपली तक्रार पोटात जाणाऱ्या इथेनॉलच्या हिशेबाविषयी आहे.

पोटात गेलेले इथेनॉल पचावे लागत नाही, थेट रक्तात उतरते. यकृत त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, आणि ते दारूपेक्षाही विखारी. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दारूचा समावेश 1988 सालीच झाला आहे. हातभट्टीत कुणी मिथेनॉल मिसळले, तर त्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. आधी नजर जाते, मग जीव. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभरावर माणसे अशीच गेली.

पण उमरखेड तालुक्यातल्या ढाणकी परिसरातल्या घरांना रोज भिडणारा प्रश्न याहून साधा आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेले असते. ती एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरतात, झोप उडते, पुढे झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास यात मरणही येऊ शकते. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. आणि कुणीतरी दया येऊन पुन्हा अर्धा ग्लास हातात देतो. दारू अशी एकाएकी तुटते ती मतदानानेही: निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला की दुकानाची बाटली आडवी होते, म्हणजे दुकान बंद होते. यवतमाळच्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले ते हौसेने नव्हे. मात्र त्या आडव्या बाटलीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची तयारी सरकारने कधी केली नाही.

तिजोरीची तयारी मात्र चोख आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पटीवरून साडेचारपट केले, धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा प्रकार काढला, आणि वर्षाला सुमारे 14 हजार कोटींची जादा मिळकत धरली. देशीची 180 मिलीची बाटली किमान 80 रुपयांवर गेली. दर चढले की पिणे घटते, हे जगभर दिसले आहे. दरवाढीला आमचा विरोध नाही. पण ज्याचे शरीर दारूवाचून चालत नाही, तो रोजमजूर 80 रुपये नसले म्हणून घरी बसत नाही. तो मोहाच्या, गुळाच्या, नवसागराच्या भट्टीकडे वळतो. पोलीस भट्टी फोडतात, सडवा ओततात, फोटो छापून येतो. आठवड्याने धूर पुन्हा.

म्हणून मागणी नेमकी करू. जादा मिळकतीतला ठरावीक वाटा तालुक्याच्या नावाने यावा. ढाणकीसारख्या गावातल्या सरकारी दवाखान्यात दारू सोडणाऱ्यासाठी दोन खाटा राखाव्यात, थरथर आवरणाऱ्या गोळ्या आणि ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने कपाटात असावीत, आणि झटका आलेल्याला रात्री उमरखेडला न्यायला गाडी. कौल घेऊन बाटली आडवी करायची असेल, तर मतदानाच्या तारखेआधी ही कपाटे भरलेली हवीत.