दुरुस्ती हाही शिक्षणाचाच विषय

वाशीम जिल्ह्याचा खरीप मुख्यतः सोयाबीन आणि तूर या दोन पिकांवर उभा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर अळी दिसू लागली, की फवारणीला फार तर चार-दोन दिवसांची सवड मिळते. त्या अवधीत पाऊस उघडला पाहिजे, वारा पडला पाहिजे, मजूर मिळाला पाहिजे आणि पाठीवरचा पंप चालला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या हाती आहेत, तिसरी बाजाराच्या. चौथी मात्र सर्वस्वी माणसाच्या हातची आहे. आणि पुष्कळदा नेमकी तीच दगा देते. बिघाड तरी काय असतो? एखादे वॉशर झिजलेले असते, नोझलमध्ये कचरा अडकलेला असतो, बॅटरीच्या पंपात एखादी तार जोडातून सुटलेली असते. नवा भाग अवघ्या काही रुपयांत मिळतो. पण तो पंप घेऊन शेतकरी एस.टी.ने तालुक्याच्या गावी जातो, दुकानासमोर ताटकळतो, 'उद्या या' असे उत्तर घेऊन परततो. आणि तोवर आभाळ पुन्हा भरून येते. दुरुस्तीचा खरा खर्च सुट्या भागाच्या किमतीत नसून हुकलेल्या दिवसांत असतो, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही.

त्याच घरात बहुधा नववी-दहावीत शिकणारे एखादे मूल असते. दाब म्हणजे काय, हे त्याला व्याख्येसह येते; विद्युत्मंडलाची आकृती ते पट्टीने रेघा मारून नीटनेटकी काढते. परंतु कोपऱ्यातला पंप उघडून पाहावा, असे त्याला कोणी सुचविलेले नसते. उघडलाच, तर 'अभ्यास सोडून हे काय?' असा प्रश्न पहिल्यांदा वडीलच विचारतात. यात त्या मुलाचा दोष नाही आणि वडिलांचाही नाही. हाताने करावयाचे काम म्हणजे शिक्षण न मिळालेल्याचे काम, ही समजूत आपल्या शाळांनीच पिढ्यान्पिढ्या जोपासली आहे.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, औषधांपासून संरक्षक साधनांच्या अभावापर्यंत. तिचे खापर एका झिजलेल्या वॉशरवर फोडणे अर्थातच चुकीचे ठरेल. तथापि गळका पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालणाऱ्याच्या अंगात विष अधिक भिनते, हे सांगावयास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकून साफ करणारेही खेड्यात दिसतात. पंपाची देखभाल हा विषय विज्ञानाचा आहे, तसाच तो आरोग्याचाही आहे.

या विचारात नवे काही नाही. याच विदर्भात, वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव सुचविले. नावे बदलत गेली आणि काम कमी होत गेले. कार्यानुभवाच्या तासाला खडू करावयाचे, कागदी फुले करावयाची, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली वस्तू स्वतःची म्हणून मांडावयाची, ही परंपरा ज्यांनी शाळेत अनुभवली आहे त्यांना अधिक सांगणे न लगे. त्या वस्तूची कोणालाच गरज नव्हती, हे तिच्या अपयशाचे मूळ कारण होय. ज्याला गिऱ्हाईक नाही, ज्याचा उपयोग नाही, जे बिघडले तरी कोणाचे अडत नाही, असे काम मुले मन लावून का करतील?

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम करणारे शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. शाळेतून गळालेली, परीक्षेत नापास झालेली मुले तेथे येत. सुतारकाम, जोडकाम, वीज, बांधकाम, शेती, पशुपालन, स्वयंपाक आणि आरोग्य यांतील प्राथमिक कामे प्रत्येकाला स्वतःच्या हातांनी करावी लागत. डॉ. कालबागांचा भर दोन गोष्टींवर होता. काम खरे असले पाहिजे, म्हणजे गावातल्या कोणाला तरी ते हवे असले पाहिजे. आणि प्रत्येक कामाचे रेखाचित्र व खर्चाचा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडला पाहिजे. लोखंडी फाटक करावयाचे तर पट्टी किती लागेल, वेल्डिंगच्या कांड्या किती जातील, मजुरी काय धरावी, हे आधी कागदावर आले पाहिजे. गणितात नापास झालेली मुले येथे अपूर्णांक शिकत, कारण अपूर्णांक चुकला तर पट्टी आखूड पडत असे! शेवटच्या बाकावर बसलेली हीच मुले पुढे जमिनीचा विद्युत्-रोध मोजून विहिरीची जागा सुचविण्याचे काम करू लागली. ज्या गावाला पाण्याची भ्रांत, तेथे या विद्येला किती मान मिळत असेल, हे वाशीमच्या वाचकाला समजावून सांगावयास नको.

हाच प्रयोग 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने आठवी ते दहावीसाठी माध्यमिक शाळांत गेला आणि राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाचा, उरलेले दिवस नेहमीच्या विषयांचे, अशी त्याची साधी रचना आहे. शिकविणारे निदेशक शक्यतो परिसरातलेच, हाताला काम येणारे. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगप्रसिद्ध संस्थेने आपल्या 'फॅब लॅब' या कल्पनेची अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्यांपैकी एक प्रयोगशाळा उभारली, ती या पाबळमध्ये. डॉ. कालबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम चालू राहिले.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. गावातील दुरुस्तीची व्यवस्था पूर्वीही होती. नांगर मोडला तर सुतार, फाळ बोथटला तर लोहार. मोबदला खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने. ही बलुतेदारी जातीने बांधलेली होती आणि ती मोडली याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु लाकडी नांगर गेला, इंजिन आले, मोटार आली, प्लॅस्टिकचा पंप आला, आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीची विद्या गावातून उठून तालुक्याच्या बाजारपेठेत जाऊन बसली. गावात तिची जागा कोणी घेतली नाही. आता शाळेने ही विद्या परत आणावी असे म्हटले, की 'पुन्हा आमच्या मुलांच्या हाती हातोडाच देणार काय?' असा प्रश्न उठतो. आणि तो अनाठायी नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने अर्धा दिवस शाळा व उरलेला वेळ घरच्या धंद्याचे शिक्षण, अशी योजना आणली. मुलांना बापाच्या जातिधंद्यात जखडणारी म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी कामराज यांच्या सरकारने ती रद्द केली. तो विरोध योग्यच होता. गरिबांच्या मुलांना हातोडा आणि सुखवस्तूंच्या मुलांना पुस्तक, अशी वाटणी करणारी कोणतीही योजना लोकशाहीत टिकू नये.

पाबळच्या पद्धतीने या आक्षेपाला कृतीने उत्तर दिले आहे. तेथे सर्वांनी सर्व कामे करावयाची असतात. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक शिकतात, आणि कोणाचा बाप काय करतो याचा अभ्यासक्रमाशी संबंध नसतो. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रेरणेने १८६६ पासून हस्तकाम प्राथमिक शिक्षणाचा सक्तीचा भाग झाले, ते सर्वांसाठी. वाशीममध्ये हे शिक्षण द्यावयाचे असेल, तर ते डॉक्टरच्या मुलीला आणि शेतमजुराच्या मुलाला एकाच टेबलावर द्यावे लागेल. एरवी ते न दिलेले बरे.

डॉक्टरच्या मुलीला पंप दुरुस्त करून करावयाचे काय, असे कोणी विचारील. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः याच विचारासाठी. विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाहीत, अशा बाजारात प्रामाणिक माणूस मागे पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुरुस्तीचा बाजार हा याचा उत्तम नमुना होय. 'मोटारीची वाइंडिंग गेली' असे मेकॅनिकने सांगितले, की गिऱ्हाइकाने मान डोलवावयाची. मग प्रत्यक्षात फक्त कपॅसिटर गेलेला का असेना! ज्याने एकदा मोटार उघडून पाहिली आहे, तो ती स्वतः भरणार नाही कदाचित, परंतु जळलेली तार दाखवा असे म्हणू शकतो. प्रत्येक विद्यार्थ्याला कारागीर करणे हा येथे हेतू नाही. ज्याला प्रश्न विचारता येतो असे गिऱ्हाईक वाढले, की चांगल्या कारागिराचीही कदर होते.

याखेरीज दुरुस्ती एक विशिष्ट प्रकारचा विचार शिकविते, जो प्रश्नपत्रिका शिकवीत नाही. मोटार सुरू होत नाही. वीज आली आहे काय? तिन्ही फेज आहेत काय? फ्यूज, स्टार्टर, बेअरिंग, वाइंडिंग. एकेक शक्यता तपासून बाद करीत जावयाचे. उत्तर शेवटच्या पानावर छापलेले नसते, आणि चुकीच्या उत्तराला कृपांक मिळत नाहीत. मोटार फिरते किंवा फिरत नाही.

अर्थात 'स्वतः करून पाहा' या उत्साहाला एक मर्यादा आहे, आणि खेड्यात ती जीवनमरणाची आहे. डीपीचा फ्यूज उडाला तर वायरमनची वाट न पाहता स्वतःच काठी घेऊन जाणारे आणि विजेच्या धक्क्याने प्राण गमावणारे थोडे नाहीत. एक फेज गेली असता मोटार चालावी म्हणून केलेल्या जोडण्या मोटारीला जाळतात आणि माणसालाही. ही धडाडी नव्हे. आपल्याकडे जिला कौतुकाने 'जुगाड' म्हणतात ती अर्धवट विद्या आहे. शाळेतल्या दुरुस्तीच्या शिक्षणातला पहिला धडा कशाला हात लावावयाचा नाही हाच असला पाहिजे. ट्रान्सफॉर्मर आणि चालू वीजवाहिनी ही विद्यार्थ्याची कामे नव्हेत, मेकॅनिकचीही नव्हेत.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. त्यावरून मुंबईकडे जाणे सोपे झाले. परंतु जाणाऱ्या तरुणाच्या हाती पदवीखेरीज काय आहे, हा प्रश्न रस्त्याने सुटत नाही. नवीन शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काढावेत असे सुचविले आहे. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे आणि त्यांत यंत्रमानवाचे सुटे भाग असतात. ज्या टेबलावर यंत्रमानव जोडला जातो, त्याच टेबलावर सोयाबीनचा पंप उघडावयास हरकत कोणती?

खरी अडचण पैशांपेक्षा कार्यालयीन रीतीची आहे. शिक्षक-खोलीतला पंखा बंद पडतो. शंभराच्या आतबाहेरचा कपॅसिटर बदलला की तो फिरणार असतो. परंतु अर्ज होतो, तीन कोटेशने मागविली जातात, मंजुरी येईतो उन्हाळा संपतो. लिपिकाने नियम पाळला म्हणून त्याला दोष देता येत नाही. नियमानेच शाळेतल्या किरकोळ दुरुस्तीला शिक्षण मानावे, तिच्यासाठी मुख्याध्यापकांच्या हाती एक लहानशी रक्कम ठेवावी, आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेली खर्चाची नोंदवही लेखापरीक्षणात ग्राह्य धरावी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. मोडकी बाके, गळके नळ, बिजागरीतून सुटलेली दारे. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांना प्रात्यक्षिकासाठी साहित्य विकत घेण्याची गरजच नाही. शिकविण्यासाठी मंगरूळपीर, रिसोड वा कारंजाच्या बाजारातला अनुभवी मेकॅनिक आठवड्यातून एक दिवस मानधनावर बोलवावा. त्याच्यापाशी पदवी नसेल. त्याचे नाव हजेरीपटावर कसे लावावयाचे, हे शिक्षण विभागाने ठरवावे.

आरंभासाठी जानेवारी हा महिना सोयीचा आहे. खरिपाच्या फवारण्या संपलेल्या असतात, पंप घराघरांत कोपऱ्यात पडून असतात, आणि नववीच्या वर्गाला बोर्डाची परीक्षा नसते. प्रत्येक मुलाने घरचा किंवा शेजारचा एक पंप आधी साबणाच्या पाण्याने हातमोजे घालून नीट धुऊन आणावा, तो सुटा करून त्याचे रेखाचित्र काढावे, झिजलेले भाग बदलावेत, झालेला खर्च लिहावा आणि पाणी भरून गळतो की नाही ते पाहावे. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात आणि त्यानंतर काही आठवड्यांतच फवारणी सुरू होते. कोणता पंप चालला, कोणता पुन्हा गळला, हे ऑगस्टमध्ये त्याच नोंदवहीत लिहावे. गुण त्यानंतर द्यावेत.