वडिलांचा पीएफ मोडू नका

"कर्जबिर्ज नको, आपण स्वतःच्या पैशानं शिकवू," हे वाक्य आपल्या मराठी घरांत मोठ्या अभिमानानं उच्चारलं जातं. माझा धाकटा भाऊ परवा सांगलीहून फोनवर हेच म्हणाला. त्याचा मुलगा दोन वर्षं चेन्नईत ओएमआरवरच्या एका आयटी कंपनीत आहे, राहतो अड्यारला आमच्याकडे. आता त्याला इथंच एमबीए करायचंय. फी, होस्टेल, मेस धरून १२ लाख. त्यातले दोन त्यानं पगारातून साठवलेत. उरलेल्या दहांसाठी भाऊ म्हणतो, "ताई, माझा पीएफ आहे, हिच्या पाटल्या आहेत. बँकेच्या दारात कशाला जायचं?"

त्या दाराच्या आतल्या बाजूला, कर्जविभागात, मी बरीच वर्षं काढलीत. भावाच्या निवृत्तीला चार वर्षं उरलीत. पोराच्या शिक्षणाला बँक कर्ज देईल. निवृत्त माणसाच्या घरखर्चाला कुणी देत नाही. शिवाय बापाकडून घेतलेल्या पैशाला ना हप्ता, ना मुदत. बाप मागत नाही आणि पोरगं विसरतं.

इथं तमिळनाडूत शैक्षणिक कर्जाचा संकोच फारसा नाही. इडलीची गाडी लावणारी बाई मुलीला घेऊन शाखेत यायची आणि व्याज कधीपासून लागतं, हे आधी विचारायची. आपल्याकडचे सुशिक्षित पालक तो प्रश्न सही झाल्यावर विचारतात.

म्हणून भाच्याला कागद-पेन घेऊन बसवलं. दरवर्षी पाच लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि पुढं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चढतच असतं. तीन वर्षांनी १० लाखांचे साडेबारा होतात. दहा वर्षांची मुदत घेतली, तर महिन्याला सुमारे साडेसोळा हजार. तेच व्याज त्या त्या महिन्याला भरत गेलं, म्हणजे पहिल्या वर्षी चार हजारांच्या आसपास आणि नंतर आठ हजारांवर थोडं, तर पुढचा हप्ता सव्वातेरा हजारांवर येतो. भावाला मदत करायचीच असेल, तर त्यानं हे व्याज भरावं. पाटल्या कपाटात राहू द्याव्यात.

कर्ज मुलाच्या नावावर असलं तरी सहकर्जदार म्हणून बापाची सही लागतेच. हप्ता थकला की दोघांचाही सिबिल बिघडतो, हे घरात उघड बोलून घ्यावं. २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण वा जामीनदार लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईतो व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती नाही. प्राप्तिकराच्या ८०ई कलमाचं कौतुक मात्र आता पुरे. ती वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि नवे नोकरदार बहुतेक नव्या प्रणालीत असतात.

काही पदव्यांना मोठं कर्ज लागतच नाही. गेट देऊन आयआयटी मद्रासला एम.टेक. मिळालं, तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. (भाच्यानं गेट दिली नाही. तो विषय आमच्या घरी काढत नाहीत.)

कर्ज की स्वतःचे पैसे, असं एकच निवडायला हवं असंही नाही. १९२०मध्ये डॉ. आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, असं सगळं एकत्र करून निघाले.

माझ्या टेबलावर थकीत होऊन आलेली कर्जं बहुतेक एकाच जातीची होती. कॉलेजनं जाहिरातीत सर्वांत मोठं पॅकेज छापलेलं आणि वर्गातल्या निम्म्यांना त्याच्या पाव पगारही नाही. म्हणून कॉलेजला मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारा, तोही लेखी. हातात येणाऱ्या त्या पगाराच्या एक तृतीयांशाहून हप्ता मोठा होत असेल, तर ती सीट सोडा. कर्जानं घेऊ नका आणि बापाच्या पीएफनं तर मुळीच नको.