साखळी, पेपरची सुरळी आणि आपलं पहिलं अणुव्रत



दशलक्षणाचा सातवा दिवस. म्हणजे उत्तम तप, आणि वाचनाला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय. वाचन संपलं आणि मंदिराच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता आमच्या बुंदीचा विषय निघाला. बुंदी म्हणजे आमच्या घरी नव्यानं आलेलं कुत्र्याचं पिल्लू. आषाढातल्या पावसात धाकट्यानं रस्त्याच्या कडेवरून उचलून आणलं. पांढऱ्या अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून बुंदी.

"घरात घाण करते का हो काकू?" एकीनं विचारलं. करते अधूनमधून, मी म्हटलं. झालं. तिथल्या तिथे तीन उपाय मिळाले. पहिला, मान धरून तोंड त्यातच घासा. दुसरा, पेपरची सुरळी करून दोन फटके द्या. तिसरा उपाय सांगणाऱ्या वहिनींचा त्या दिवशी उपवास होता. त्या म्हणाल्या, दोन दिवस गच्चीवर बांधून उपाशी ठेवा, आपोआप सरळ येते.

अहो, पाऊण तासापूर्वी आपण आत बसून काय ऐकलं? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून घालणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणं-पिणं तोडणं. पायऱ्या उतरेपर्यंत त्यातले तीन आपण 'ट्रेनिंग' म्हणून सुचवून मोकळ्या झालो! चौथा, छेद, हौशी लोक शेपूट आणि कान छाटून घेऊन पूर्ण करतात. मुंगी दिसली तर पाऊल उचलणाऱ्या, पाणी गाळल्याशिवाय न पिणाऱ्या आपण. आणि डोळ्यांसमोर थरथरणारं पंचेंद्रिय जीव मात्र आपल्याला 'वळण लावायचं' असतं. उपवास आपण मनानं धरतो, पारणं कधी ते आपल्याला ठाऊक असतं. पिल्लाला दोन दिवस अन्न न देणं हे तप नाही. तो सरळ सरळ पाचवा अतिचार आहे, आणि तो आपल्या खाती लागतो.

हे मी उंचावर बसून बोलत नाही. पेपरची सुरळी मीही वापरली आहे. बुंदीला येऊन चौथा दिवस होता. सकाळी सामायिकाला बसले होते, डोळे उघडले तर देवघराच्या उंबऱ्याशी ओल. माझा पारा चढला. सुरळी केली आणि मारली. जोरात नव्हती, असं मी स्वतःला सांगत राहिले. ती पोट टेकून सरपटत कपाटामागे गेली. त्यानंतर दोन दिवस घर कोरडं. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, एका फटक्यात शिकली. तिसऱ्या दिवशी कॉटखालची ट्रंक ओढली तेव्हा कळलं ती काय शिकली होती. माझ्यासमोर करायचं नाही, एवढंच. मी खोलीत आले की शेपूट पायांत. नुकतंच सामायिक करून उठलेल्या बाईला बघून एक जीव घाबरतो, हे मला फार लागलं.

मग जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दात पाहून वय सांगितलं, दोन महिन्यांच्या आसपास. म्हणाले, या वयाचं पिल्लू जागं असताना साधारण महिन्याला एक तास या हिशेबानं लघवी धरू शकतं. म्हणजे दोन तास, तेही फार झालं. आणि शिक्षा असो की शाबासकी, घटनेनंतर दोन-चार सेकंदांत झाली तरच त्याला तिचा संबंध लागतो. पंधरा मिनिटांनी तोंड घासलं तर त्याला एवढंच समजतं की ही बाई मधूनच पिसाळते.

घरी येऊन मी जुन्या सवयीनं एक वही घातली. रोजकीर्दच म्हणा. किती वाजता खाल्लं, किती वाजता झोपून उठली, किती वाजता आणि कुठे लघवी केली. आठवडाभर खतावल्यावर चित्र स्वच्छ झालं. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, आणि खेळून दमली की. घरातल्या प्रत्येक ओलीच्या नोंदीशेजारी त्या वेळी मी काय करत होते तेही लिहिलं होतं. फोनवर, पोळ्या लाटत, फोनवर, मंदिरात, फोनवर. चूक कुणाच्या नावे टाकायची ते तुम्हीच ठरवा.

तेव्हापासून झोपून उठली की उचलायची आणि अंगणात, त्याच एका कोपऱ्यात नेऊन उभं राहायचं. केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि उकडलेल्या भोपळ्याचा बारीक तुकडा. घरात झालंच तर काही न बोलता पुसायचं आणि वास राहू द्यायचा नाही, कारण वास राहिला की ती जागा तिला आपली वाटते. देवघराला आम्ही लहान मुलांसाठी लावतात तसं लाकडी फाटक लावलं. शुचिता पाळायची जबाबदारी माझी आहे, नियम मी घेतलाय, तिनं नाही.

रात्रीभोजनत्यागाचा मात्र इथे अनपेक्षित फायदा झाला. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं. शेवटचं खाणं आमच्याबरोबर सूर्यास्तापूर्वी झालं की झोपायच्या आधी पोट मोकळं होतं आणि रात्रीत एकदाच उठावं लागतं. पाण्याचं भांडं मात्र उचलून ठेवायचं नाही. रात्री भिजवेल म्हणून पाणी तोडणाऱ्या घरांतही मी जाऊन आले आहे.

खाण्यावरून एक कडू बोलते. "आमचं कुत्रं पण जैन आहे हो, नुसतं दूध-पोळीवर राहतं," असं कौतुकानं सांगणाऱ्या घरात मी बरगड्या मोजता येतील अशी कुत्री पाहिली आहेत. मांजराचं शरीर मांसाशिवाय निभत नाही. कुत्र्याचं शाकाहारावर निभू शकतं, पण आहार नीट जुळवलेला हवा. वाढत्या पिल्लाला नुसती दूध-पोळी पुरत नाही, आणि गाईच्या दुधानं अनेक पिल्लांना जुलाब होतात. डॉक्टरांकडून आहार लिहून घ्या, वजन करत राहा, आणि हे जमणार नसेल तर आणूच नका. अर्धपोटी ठेवून त्याला अहिंसा म्हणू नका. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, तिथे आपण सुटलो. पण आपल्या सांगली-तासगावकडच्या घरात डबाभर बेदाणे असतात, शिऱ्यात तर मूठमूठ. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. प्रसादाचा शिरा प्रेमानं भरवू नका.

आता काहीजणी म्हणतील, श्रावकानं हिंसक प्राणी पाळूच नये असं आपल्याकडे सांगितलंय, तुम्ही आणलंच का? आक्षेप खरा आहे आणि मी तो मोडून काढत नाही. पिंजऱ्यातली, दुकानातली पिल्लं विकत आणण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला तर 2017 च्या नियमांनीच बंदी आहे. पण भिजलेलं पिल्लू दारात आल्यावर काय करायचं, याचं उत्तर मला जीवंधरकुमारांच्या कथेत मिळतं. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी कुत्र्याला मरेस्तोवर मारलं होतं. जीवंधरांनी जवळ बसून त्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो जीव पुढे यक्षदेव झाला. ही कथा मुलांना पाठशाळेत आपणच सांगतो. त्या कथेत मारणाऱ्यांची बाजूही शुचितेचीच होती, हे सांगतो का?

आणि बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावून आत दोन हातांच्या साखळीवर जन्म काढायला लावणाऱ्यांबद्दल काय बोलू? तिथे व्रताचं राहू द्या, देशाचा कायदाही आडवा येतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फार आखूड किंवा फार जड साखळीनं प्राण्याला तासन्‌तास बांधणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही गुन्हे आहेत. दंड पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. एवढ्याशा दंडाला कुणी भीत नाही, म्हणूनच व्रताची आठवण द्यावी लागते.

आमच्याकडेही साखळी आली होती. वळण लावायला एक जण घरी येत असे, त्यानं आणली, ओढली की गळा आवळणारी. त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हटलं. पैसे पूर्ण दिले, वाद नको. साखळी रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकली.

बुंदी आता चार महिन्यांची होईल. दुधाचे दात पडताहेत, त्यामुळे माझ्या पदराला, झाडूला, ह्यांच्या चपलेला दात लागतात. तिला ओल्या कापडाचा पिळा गार करून दिला की तासभर त्यातच रमते. वहीतली शेवटची घरातली नोंद अकरा दिवसांपूर्वीची आहे, पाहुणे आले होते आणि मी चहा टाकत होते. सामायिकाच्या वेळी ती फाटकाबाहेर आडवी होते. परवा डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. शेपूट हलली.