रेकॉर्डमधली ‘गॅप’

महिला टेनिसचा विषय निघाला की एक वाद हमखास रंगतो. मार्गारेट कोर्ट मोठी की सेरेना विल्यम्स? कोर्टच्या नावावर एकेरीची २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं, सेरेनाच्या नावावर २३. झाला हिशेब? छे, खरा हिशेब तर इथून पुढे सुरू होतो!

कोर्टची १३ विजेतेपदं १९६८च्या आधीची आहेत. तेव्हा या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्याच नव्हत्या. शिवाय २४ पैकी ११ घरच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतली, आणि तिथे त्या काळी लांबच्या प्रवासामुळे कितीतरी नामवंत खेळाडू फिरकतही नसत. पण म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. १९७२ मध्ये तिला पहिलं मूल झालं आणि १९७३ मध्ये चारपैकी तीन ग्रँड स्लॅम तिने जिंकल्या. २४ या आकड्यात हे कुठे दिसतं?

सेरेनाचंही तेच. जानेवारी २०१७ मध्ये २३वं विजेतेपद मिळवलं तेव्हा ती गरोदर होती. सप्टेंबरमध्ये मुलगी झाली, बाळंतपण जिवावर बेतलं. २०१८च्या फ्रेंच स्पर्धेत परतली तेव्हा एकेकाळची नंबर वन बाई क्रमवारीत साडेचारशेच्याही मागे गेलेली! मानांकन नाही. आई होण्याची शिक्षाच की ही! तरी २०१८ आणि २०१९ मध्ये तिने चार ग्रँड स्लॅम फायनल गाठल्या. चारही हरली. रेकॉर्डवर राहिलं काय, तर ‘२४वं हुकलं’.

यावर ओरड झाली आणि नियम बदलले. २०१९ पासून बाळंतपणानंतर तीन वर्षांपर्यंत जुन्या क्रमवारीच्या आधारे स्पर्धेत प्रवेश मिळू लागला. मार्च २०२५ मध्ये डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेने १२ महिन्यांपर्यंतची पगारी बाळंतपणाची रजा जाहीर केली. संघटना १९७३ची, म्हणजे एवढ्यासाठी ५२ वर्षं लागली. यातला पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी निधीतून येतो. मग तिथल्या बायकांच्या हक्कांचं काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण नियमाची गरज खोटी ठरत नाही. स्वित्झर्लंडच्या बेलिंडा बेन्सिचला एप्रिल २०२४ मध्ये मुलगी झाली आणि २०२५ मध्ये ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत होती. आपल्या सानियालाही ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला तिने दुहेरीचं विजेतेपद पटकावलं. संधी मिळाली तर बाई परत येते, आणि जोमाने येते.

आता आणखी एक गंमत. गंमत कसली, अन्यायच. ऑस्ट्रेलियाची आदिवासी खेळाडू इव्हॉन गुलागाँग १९७६ मध्ये दोन आठवडे जगात पहिल्या क्रमांकावर होती. पण अपुऱ्या नोंदींमुळे ते कुणाला कळलंच नाही. कळलं कधी? २००७ मध्ये! ३१ वर्षं हा मान तिच्या खात्यात जमाच नव्हता. हीच इव्हॉन १९८० मध्ये मुलगी झाल्यानंतर विम्बल्डन जिंकली. आईने विम्बल्डन जिंकलं ते १९१४ नंतर पहिल्यांदाच. आणि तिथल्या मानाच्या फलकावर नाव काय लागलं? ‘मिसेस आर. ए. कॉली’. यातलं आर. ए. नवऱ्याचं! पुरुषांच्या नावामागे मिस्टर नव्हतं, बायकांच्या मागे मात्र मिस, मिसेस. ते काढायला २०२२ साल उजाडलं. आपल्याकडे देणगीच्या पावतीवर ‘सौ.’ लिहून पुढे नवऱ्याचं नाव घालतात, त्यातलाच हा प्रकार.

मैत्रिणींनो, टेनिसची एवढी उठाठेव मी का करतेय? बचत गटाच्या कामात बायकांचे अर्ज भरताना ‘अनुभव’ या रकान्याशी हात थांबतो. ‘लिहा, काही नाही,’ असं त्या सहज सांगतात. दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं, घरबसल्या शिवणकाम केलं, तरी ‘काही नाही’? आपल्या कायद्याने २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची केली खरी. पण शेतात, घरकामाला जाणाऱ्या बाईला ती कोण देतं? कामावर गेली नाही की त्या दिवसाची मजुरी बुडाली.

आकडे खोटे नसतात, पण ते अर्धंच सांगतात. बाईच्या आयुष्यातली मोकळी दिसणारी वर्षं बहुतेक वेळा सगळ्यात भरगच्च असतात. तेव्हा तो रकाना पुन्हा समोर आला तर ‘काही नाही’ लिहू नका. जे केलंत ते लिहा. आपल्या नोंदी आपणच ठेवल्या नाहीत, तर त्या दुसरं कोण ठेवणार? आणि ३१ वर्षं वाट बघायला वेळ कुणाला आहे?