सांभाळणारीलाही सांभाळा
पक्षाघाताचा रुग्ण कराडच्या इस्पितळातून कोयनानगरला परतला की घराचाच दवाखाना होतो आणि परिचारिका होते ती बायको किंवा सून. दर दोन तासांनी कूस बदलायची, ठसका लागू नये म्हणून बसवून भरवायचं, झोप अर्धवटच. घरच्यांना शिकवलं की भागतं, असं म्हणतात. पण भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत (‘लॅन्सेट’, २०१७) तेवढ्यानं परावलंबन कमी झालं नाही. आपल्या माणसाचं करणं कर्तव्यच, हे मान्य. पण तिचीच कंबर धरली तर रुग्णाला उठवणार कोण? आरोग्यसेविकेनं रुग्णासोबत तिचाही रक्तदाब तपासावा आणि भावकीनं आठवड्यातला एक दिवस तरी स्वतःकडे घ्यावा.