आधी दहा बोटं, मग पासपोर्ट

अमेरिकेत शिकायला जायचं म्हणून मुंबईत व्हिसाची प्रक्रिया सुरू केली की तुमच्या दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. फोटो, विद्यापीठाचं पत्र, वडिलांच्या खात्यातली शिल्लक, सगळं तपासलं जातं. तिथे पोहोचल्यावर ‘सेव्हिस’ नावाच्या सरकारी यंत्रणेत तुमचा कोर्स, तुमचा पत्ता, तुमची हजेरी यांची नोंद चालूच राहते. खोली बदलली तरी दहा दिवसांत कळवावं लागतं. तुम्ही कोण, कुठे, काय करता हे तुमच्या सख्ख्या काकांपेक्षा त्या सरकारला जास्त नीट माहीत असतं.

मग कराची वेळ येते आणि तेच सरकार विचारतं, ‘आपण कोण?’

कॅम्पसवर नोकरी मिळाली तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो आणि प्रश्न मिटतो. पण ज्याला नोकरी नाही, फक्त स्कॉलरशिप आहे, त्याला तो मिळत नाही. त्याच्यासाठी १९९६ पासून आयटीआयएन नावाचा वेगळा, ९ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर आहे. त्याने नोकरी करता येत नाही, व्हिसाला फायदा होत नाही. तो फक्त कर भरण्यापुरता.

आणि हा कर काही किरकोळ नसतो. स्कॉलरशिपमधला फी-पुस्तकांचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवण्याचा भाग करपात्र. एफ-१ विद्यार्थ्याच्या या रकमेतून साधारणपणे १४ टक्के आधीच कापले जातात. म्हणजे दहा हजार डॉलरवर चौदाशे. आता गंमत बघा. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१मुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या नागरिकासारखी प्रमाणित वजावट मिळते. २०२४ साली ती १४,६०० डॉलर होती. दुसरं काही उत्पन्न नसेल तर केंद्राचा कर शून्य, चौदाशेचे चौदाशे परत. लाखाहून जास्त रुपये! फक्त विवरणपत्र भरायचं, आणि त्यावर लिहायला नंबर हवा.

त्यासाठी डब्ल्यू-७ हा फॉर्म. सोबत मूळ पासपोर्ट, किंवा पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित केलेली प्रत. नोटरीचा शिक्का २०१२ पासून चालत नाही. पाकीट जातं टेक्सासमधल्या ऑस्टिनला. आयआरएस स्वतःच सांगते की सात आठवडे लागतील, आणि करांच्या हंगामात नऊ ते अकरा.

समजा मार्च चालू आहे. पासपोर्ट ऑस्टिनला आहे. पहाटे तीनला सांगलीहून फोन येतो, बाबांना आयसीयूत ठेवलंय. भारतीय वकिलातीकडून तातडीचा कागद मिळवून घरी पोहोचालही. पण व्हिसा त्या पासपोर्टवर चिकटवलेला आहे. परत कसे याल? एका नंबरासाठी विद्यार्थ्याने ही जोखीम का घ्यायची?

‘पण दुसरे मार्ग आहेत ना!’ आहेत. आयआरएसच्या ठरावीक केंद्रांवर वेळ घेऊन पासपोर्ट दाखवता येतो. मान्यताप्राप्त एजंट तो तपासून लगेच परत देऊ शकतो, आणि काही विद्यापीठांत अशी सोय असते. पण केंद्र चार तासांवर असेल आणि तुमच्याकडे गाडी नसेल तर? विद्यापीठात सोय नसेल तर? मग बाहेरच्या एजंटची फी भरा. स्वतःचेच पैसे परत मागायला पैसे मोजा! म्हणून तर सीनियर सांगतात, ‘सोड रे, कशाला पासपोर्ट अडकवतोस.’ आणि विद्यार्थी सोडून देतात.

खोट्या नावांनी परतावे लाटले जातील ही भीती खोटी नाही. तपासणी हवीच. पण ती झालेली आहे, दहा बोटांनिशी. एका खात्याने घेतलेले ठसे दुसऱ्या खात्याला दिसत नसतील, तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याने का सोसायचा? जर्मनीत राहत्या पत्त्याची पहिली नोंदणी केली की अकरा आकडी करक्रमांक पत्राने घरी येतो. वेगळा अर्ज लागत नाही. अमेरिकेने व्हिसासोबतच हा नंबर दिला तर काय बिघडेल?

आपणही फार फुशारू नये. आधार असलं की ई-पॅन मिनिटांत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी मुलाला आधारच्या अर्जाआधी १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. सोय नेहमी घरच्यांसाठी असते, पाहुण्याला रांग.

कर मागणं हा सरकारचा हक्क आहे, मान्य. पण मग कर भरण्याचा नंबर देणं हे त्याचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे.

तोवर दोन गोष्टी करा. उत्पन्न शून्य असलं तरी ८८४३ हा फॉर्म दरवर्षी भरा. नुसत्या त्याच्यासाठी नंबर लागत नाही. आणि प्रवेश घेण्याआधी, हॉस्टेल आणि वायफायची चौकशी करताना, आणखी एक प्रश्न विचारा: ‘आयटीआयएनसाठी माझा पासपोर्ट तुम्ही इथेच तपासून देणार का?’ शंभर जणांनी विचारलं तर विद्यापीठाला उत्तर शोधावं लागेल. चौदाशे डॉलर तुमचे आहेत. पासपोर्टही तुमच्याच खिशात राहायला हवा.